नाताळची पंगत

नाताळचे जेवण म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना चित्रात पाहिलेले टेबल आठवते. मधोमध भाजलेला मोठा पक्षी, बाजूला मेणबत्त्या, काटे-चमचे, आणि खिडकीबाहेर पडणारे बर्फ. पण सातारा-सांगलीकडच्या एखाद्या ख्रिस्ती घरात पंचवीस डिसेंबरला दुपारी डोकावून पाहा. तेथे बहुधा ओळखीच्याच गोष्टी दिसतील. करंज्यांचा डबा, चकल्या, मटणाचा रस्सा, पांढरा भात, कांदा-लिंबू, आणि किती पाने मांडायची याचा मनाशी हिशेब करणारी घरची बाई.

आता गंमत पाहा. या सणाची मूळ गोष्ट बेथलेहेमची. त्याचे आपल्याकडचे नाव पोर्तुगीज. या भागात त्या धर्माचा उपदेश केला तो प्रामुख्याने अमेरिकन माणसांनी. असे असताना त्या दिवसाचे ताट इतके मराठी कसे झाले? आणि जे ताटात दिसत नाही पण ज्यावाचून ते ताट पुरे होत नाही, ती पंगत कशी जमली? वाचकहो, या दोन प्रश्नांचा आज थोडा विचार करू. इतिहास केवळ गडकोटांवर घडतो असे थोडेच आहे? तो चुलीपाशीही घडतो, आणि तेथे तो पुष्कळ दिवस टिकतो.

प्रथम माणसे कोठून आली ते पाहू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली अमेरिकन बोर्ड नावाची मिशनसंस्था निघाली. तिचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. साताऱ्याकडे त्यांचे पाऊल पडले ते महाबळेश्वरच्या वाटेने. ग्रेव्हज नावाच्या मिशनरी बाईंनी १८३४ साली तेथे एक शाळा काढली. पुढे ती शाळा साताऱ्यास आली, आणि १८४९ पासून साताऱ्यात मिशनरी कायमचे राहू लागले. आदल्याच वर्षी, १८४८ साली, साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास पोहोचले. त्यांनी सुरू केलेले काम पुढे अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनने चालवले, आणि त्या मिशनचे ठाणे १८८४ मध्ये सांगलीस झाले. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली आले आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. परंतु १९४९ साली जो जिल्हा नव्याने झाला त्याचे नाव दक्षिण साताराच होते, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. बोली, चूल आणि मसाला या बाबतींत तर या दोन जिल्ह्यांची वाटणी अजून व्हायची आहे!

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून नवल वाटेल. हे जे बोस्टनकडचे मिशनरी आले, त्यांच्या स्वतःच्या घराण्यांत नाताळ पाळण्याची चाल फारशी नव्हती. न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन लोकांना हा सण बायबलात सांगितलेला नाही, म्हणून तो मान्य नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली कायदा झाला की, जो कोणी नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ साली उठला, पण मनातला संशय उठायला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. त्या राज्यात नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली १८५६ साली. प्रेसबिटेरियनांची कथाही वेगळी नाही. त्यांचे मूळ पीठ जे स्कॉटलंड, तेथे पंचवीस डिसेंबरची सुटी लागू झाली १९५८ साली. म्हणजे पाहा, साताऱ्यास मिशनरी राहावयास आले तेव्हा खुद्द त्यांच्या गावी त्या दिवसाची साधी सुटीही नव्हती.

यातून निघते काय? नाताळच्या जेवणाची ठरीव यादी पेटीत घालून कोणी अमेरिकेहून आणली, आणि आपल्या लोकांनी ती गिरवली, असे येथे झाले नाही. महाबळेश्वरच्या आणि छावणीच्या इंग्रज साहेबांची मेजवानी होत असेल; तिच्याशी गावातल्या ख्रिस्ती माणसाचा संबंध फार तर वाढप्याचा किंवा खानसाम्याचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतही नाताळ हा घरगुती सण झाला, आणि मिशनच्या बंगल्यांत केक व भेटवस्तू आल्या. पण तोवर इकडच्या घरांनी आपला सण आपल्या हाताने साजरा करायला सुरुवात केली होती. यादी कोरी होती, म्हणून ती घरच्या बाईने लिहिली. आणि तिला सणाचे जे जेवण ठाऊक होते तेच तिने लिहिले.

तिला ठाऊक होती दिवाळी. दिवाळी जाऊन दीड-दोन महिने झालेले असतात. तळणीचा हात अजून मोडलेला नसतो. करंजी, चकली, शंकरपाळे, लाडू, चिवडा, अनारसे या साऱ्या फराळाला देव्हाऱ्याची अट नव्हती. नवा धर्म घेतला तेव्हा त्या घराने पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण करंजी सोडावी असे काही तिच्यात नव्हते. दारावरचा आकाशकंदीलही तसाच राहिला. त्याला चांदणीचा आकार आला इतकेच. पूर्वेकडचा तारा आणि दिवाळीचा कंदील एकाच काठीला बांधले गेले.

शब्दांचेही तसेच. ‘नाताळ’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, पण तो पाव, बटाटा, काजू यांच्याबरोबर मराठीत इतका मुरला आहे की कुणाला परका वाटत नाही. उलट मराठी बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे रोज मागितली जाते ती भाकर, पाव नव्हे. भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांनी त्या ग्रंथाला सरळ आपल्या चुलीपाशी आणून बसवले.

बरे, हे जेवण आखतात कसे? येथे जरा स्वयंपाकघरात यावे लागेल. कारण नाताळच्या जेवणाची तयारी डिसेंबरात सुरू होते असे जो समजतो, त्याने ती कधी केलेली नाही. ती सुरू होते चैत्र-वैशाखात. उन्हाळ्यात मिरच्या वाळतात, गच्चीवर नाहीतर अंगणात चटया पसरतात, आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला कुटला जातो. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला. त्या मसाल्याची बरणी डिसेंबरपर्यंत पुरवायची, हा झाला पहिला हिशेब. मार्गशीर्षात बरणीचा तळ दिसू लागला, तर नाताळचा रस्सा फिका होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा हिशेब अनारशांचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी फडक्यावर सावलीत कोरडे करून, थोडे ओलसर असतानाच कुटायचे, पीठ चाळायचे, बरोबरीने गूळ मिसळायचा आणि पाच-सहा दिवस ते मुरू द्यायचे. थंडीत पीठ सावकाश मुरते, म्हणून दोन दिवस जास्त धरायचे. तेव्हा विसाव्या तारखेला अनारसे तळायचे असतील, तर दहाव्या तारखेच्या आत तांदूळ पाण्यात पडलेच पाहिजेत. चकलीची भाजणी चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, वर धने-जिरे, अशी आठवडाभर आधी भाजून दळून ठेवायची. करंज्या सर्वांत शेवटी, कारण त्या एकटीने होत नाहीत. एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरायचे, तिसरीने कातण फिरवायचे, चौथीने कढईपाशी बसायचे. ज्या घरात चार बाया नसतील त्या घरात शेजारच्या बाया येतात, आणि त्या सगळ्या ख्रिस्तीच असतात असे मुळीच नाही.

केकची तऱ्हा आणखी निराळी. भट्टी घरात नसे. तव्यावर किंवा पसरट भांड्यात वाळू तापवायची, तिच्यावर केकचे पातेले ठेवायचे, झाकणावर निखारे पसरायचे; खालून-वरून बेताची आच लागली की केक फुगतो. कोणी पत्र्याचे डबे भरून बेकरीत नेई, आणि नानकटाईच्या शेजारी आपला केक भाजून आणी. त्यात घालायचे बेदाणे पूर्वी काबुलकडून व्यापाऱ्यामार्फत येत. आज सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तासगावच्या घरात केकसाठी बेदाणे बाहेरून आणावे लागत नाहीत.

हा जिल्हाच असा आहे की डिसेंबरात त्याची पेवे आणि बाजार भरलेले असतात. गुऱ्हाळे चालू होऊन नवा गूळ आलेला. जावळी-पाटणकडचा नवा तांदूळ. सांगलीच्या पेठेतली हळद तर बारमाही. पोळीला खपली गहू. थंडीतले वाटाणे आणि गाजरे. महाबळेश्वराच्या डोंगरावर बटाटा आणि परदेशी भाज्या रुजवण्यात एका विलक्षण मंडळींचा हात होता. सन १८३४ च्या सुमारापासून पुढे तीसेक वर्षे तेथे चिनी आणि मलायी कैद्यांना ठेवलेले असे. त्यांनी हे मळे पिकवले. मिरची, बटाटा, शेंगदाणा, टोमॅटो, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले आणि पोर्तुगीजांच्या काळापासून आपल्याकडे पसरलेले. म्हणजे अमेरिकन मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी अमेरिका साताऱ्याच्या फोडणीत येऊन बसली होती!

मुख्य दिवसाचे गणित असे. वीस पाने असतील तर पानास पावशेर धरून पाच किलो मटण, दोन किलो तांदूळ, दीड-दोन किलोची कणीक. पूर्वी धान्य पायली-शेराने मोजत, आता किलोने. पण ‘पानास पावशेर’ हे तोंडी माप अजून कामाला येते. चोवीस तारखेला संध्याकाळी कांदा आणि सुके खोबरे भाजून, तीळ-खसखस घालून वाटण करून ठेवायचे. पाटा-वरवंट्याच्या काळी हे दोन तासांचे काम होते. रात्री गाणी म्हणणारी मंडळी दारोदार फिरते, तिला चहा आणि फराळ द्यायचा. म्हणून फराळातला एक डबा आधीच बाजूला काढून ठेवावा, नाहीतर पंचविसाला सकाळी डब्यात चुराच हाती लागतो. पहाटे मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजत घालायचे. त्यातला अळणी रस्सा मुलांसाठी वेगळा काढायचा. मग चूल दाबून सारे घर चर्चला. उपासना आटोपून आले की वाटण आणि मसाला परतून रस्सा फोडणीला टाकायचा, तिकडे भात चढवायचा, आणि एक-दीडला पान मांडायचे.

हे वेळापत्रक मी मुद्दाम इतक्या बारकाईने सांगितले. कारण या आखणीत एक माणूस नेहमी अडकतो, तो म्हणजे घरची बाई. आखणी चुकली तर सणाची उपासना होते आणि ती चुलीपाशी राहते. वाटण आदल्या रात्री करायचे ते चवीसाठी नव्हे, तर सकाळी तिलाही इतरांबरोबर चर्चमध्ये बसता यावे म्हणून. नाताळचे जेवण नीट आखले की नाही याची माझ्या मते पहिली कसोटी हीच आहे.

आणि आता दुसरी, मोठी कसोटी. पंगत.

आजच्या तरुण वाचकाला सांगितले तरी खरे वाटणार नाही, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या समाजात काय खाल्ले यापेक्षा कोणाबरोबर खाल्ले हा प्रश्न फार मोठा होता. पुण्यात ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले, आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे छापून आणली आणि एकच गहजब उडाला. शंकराचार्यांनी चौकशी नेमली, वादाचे गुऱ्हाळ वर्ष-दोन वर्षे चालले, प्रायश्चित्ते घेतली गेली. काय, तर एक कप चहा! लोकमान्यांसारख्या माणसाला जर चहाच्या पेल्याचा जाब द्यावा लागला, तर ज्या सामान्य माणसाने सरळ धर्मच बदलला, त्याचे काय झाले असेल? त्याचे पान त्याच्याच घरातून उठले. आईच्या हातचे जेवण गेले, बहिणीच्या लग्नातली पंगत गेली, दिवाळीला माहेरचे बोलावणे गेले.

लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त हा सारा अनुभव मोकळ्या मनाने सांगितला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या त्या स्वतःचे सोवळे, स्वतःचा वेगळा स्वयंपाक सांभाळून. एकाच छपराखाली दोन चुली! पाण्याचा, भांड्यांचा, शिवण्याचा तो पीळ एका दिवसात सुटला नाही. तो आधी मनात सुटला, मग ताटात. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण जातीचे बंधन त्यांच्या ताटातून त्याआधीच गळून पडले होते.

हे झाले वरच्या वर्णातल्या घराचे. पण सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक आले ते त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार-मांग समाजांतून. त्यांचे दुःख नेमके उलट होते. ब्राह्मणाने पंगत गमावली. यांना पंगत कधी मिळालीच नव्हती. गावजेवणात त्यांची जागा दूर, उघड्यावर, सगळ्यांच्या मागून. उरले असेल ते पदरात पडायचे. आणि हे फार जुने आहे असे समजू नका. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण याच साताऱ्यात गेले. १९०० साली ७ नोव्हेंबरला त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना वेगळे बसावे लागे आणि नळाला हात लावता येत नसे. पुढच्याच वर्षी ते भावंडांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, पुढचा प्रवास बैलगाडीचा. मुलांजवळ जेवणाचा डबा होता, भूक होती. पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरेना. अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

वाचकहो, ही गोष्ट मनात ठेवून मग त्याच जिल्ह्यातल्या नाताळच्या दुपारीकडे पाहा. ज्याच्या आजोबाने आयुष्यभर दुसऱ्याच्या पंगतीचे उरलेसुरले घेतले, तो माणूस त्या दिवशी यजमान होतो. ‘बसा, वाढतो’ असे म्हणतो. त्याच्या दारात पान मांडलेले असते आणि ते त्याने मांडलेले असते. चर्चच्या आवारात सगळे मिळून जेवतात त्याला आपल्या ख्रिस्ती मंडळीत प्रीतिभोजन म्हणतात. भात काय, रस्सा काय, कोठेही मिळेल. पण हे यजमानपण पूर्वी मिळत नव्हते, आणि नाताळच्या जेवणाने काय दिले असे कोणी विचारले तर मी हेच उत्तर देईन.

अर्थात सारे एकाएकी गोड झाले असे म्हणणे खोटे होईल. धर्म बदलला तरी जात पाठोपाठ आली. निरनिराळ्या समाजांतून आलेली माणसे चर्चमध्ये शेजारी बसत, पण सोयरिकीचा विषय निघाला की जुनी आडनावे आठवत. सहभोजनाला जे चुकवता येत नसे ते घरच्या जेवणात चुकवता येई. बायका वाढून दमत आणि शेवटी बसत, हेही कुठे लगेच बदलले? दुष्काळाने तर पुष्कळदा सणाचा घासच काढून घेतला. १८७६-७७ च्या दुष्काळात माण-खटावची माणसे देशोधडीला लागली. अशा साली कसली करंजी नि कसला रस्सा! दुसऱ्या महायुद्धात साखर नियंत्रणाखाली गेली तेव्हा फराळाची भिस्त गुळावर आली. यादी लहान झाली, पण पंगत मोडली नाही.

शेजाऱ्यांचे काय, असे आपण विचाराल. जुन्या सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात शिजवलेल्या अन्नाला बंधन फार. फळे, साखर, कोरडा शिधा यांना कमी. त्यामुळे ख्रिस्ती घरून शेजारी आधी गेली असतील ती केळी आणि साखर. मग सावकाश, पिढी-दीड पिढीने, करंज्या आणि चकल्यांचे ताट. मला वाटते, नाताळात फराळाला एवढे महत्त्व आले त्याचे हेही एक कारण असावे. फराळ टिकतो, रुमालाखाली झाकून नेता येतो, आणि शेजाऱ्याला संकटात न टाकता देता येतो. त्यातून डिसेंबरात पुष्कळ हिंदू घरांत मार्गशीर्षातल्या गुरुवारांची महालक्ष्मीची व्रते चालू असतात. तेव्हा ख्रिस्ती घरची जाणती बाई गुरुवारचा दिवस पाहून ताट पाठवते, आणि त्यात केक असेल तर तो अंड्याचा की बिनअंड्याचा हे निरोपात सांगते. दिवाळीत तिच्याकडे ताट आलेले असते; ते ती रिकामे परत करीत नाही. आपल्याकडे रिकामे भांडे परत पाठवायचे नसते, हा नियम कोणत्याही धर्मग्रंथात असेल नसेल, पण साताऱ्याच्या गल्लीत आहे.

आणि पंगतीचा हा विचार केवळ ख्रिस्ती घरांपुरता राहिला नाही. रेव्हरंड टिळक १९१७ साली साताऱ्यास येऊन राहिले. परक्या नावांत आणि परक्या रीतीत अडकलेला धर्म त्यांना नको होता. भजन-कीर्तनातून, आपल्या भाषेतून, आपल्या मातीतल्या माणसांची बंधुता त्यांना उभी करायची होती. तिला त्यांनी नाव दिले देवाचा दरबार. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येणाऱ्याला त्या दरबारात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. त्याच १९१९ साली कराडजवळ काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकात हात लावीत आणि एका पंगतीस बसत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. टिळकांची वाट वेगळी, भाऊरावांची वेगळी, सत्यशोधकांची परंपरा आणखी वेगळी. पण एकाच गावात, दहा वर्षांच्या आत, निरनिराळ्या माणसांना एकच गोष्ट सुचावी की समाज जोडायचा तर पान शेजारी मांडले पाहिजे, हा योगायोग नव्हे. त्या गावाला ती भूक होती.

आज घरे लहान झाली आहेत. मुले पुण्या-मुंबईस, कोणी परदेशी. फराळ विकत मिळतो, केक बेकरीतून येतो, वाटण मिक्सरवर पाच मिनिटांत होते. याबद्दल मी गळा काढणार नाही. पाटा-वरवंट्यावर ज्यांची कंबर मोडली त्यांना विचारा, त्या मिक्सरचे स्वागतच करतील. विकतच्या करंजीने नाताळ बिघडत नाही. फक्त चार बाया मिळून बसण्याचे निमित्त गेले, तर त्याच्या जागी दुसरे निमित्त शोधले पाहिजे. पुरुषांनी कढईपाशी बसावे, मुलांनी कातण फिरवावे. यादी कोरी असताना आजीने ती लिहिली, तर नातवाला तिच्यात एक ओळ वाढवायला कोणती हरकत आहे?

तेव्हा यंदा आपल्या घरी नाताळ असेल तर दहा तारखेच्या आत अनारशाचे तांदूळ भिजवा, मसाल्याची बरणी पाहून घ्या, वाटण चोविसालाच करा, आणि पानांची मोजणी करताना घरच्या माणसांवर दोन पाने जास्त धरा. आणि आपल्या घरी नाताळ नसेल, पण शेजारी असेल, तर त्या दुपारी बोलावणे आले असता ‘आमचे जेवण झाले’ असे म्हणून टाळू नका. जा आणि बसा. एवढ्यासाठी या जिल्ह्यात माणसांना फार वर्षे थांबावे लागले आहे.